पिवळे सर

बोईसरला आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पिवळे सर शिकवायचे. आडनाव खरं तर वेगळंच होतं. प्रोग्राम चालवताना लाल ओळ आली तर चूक, पिवळी आली तर नुसती सूचना. बाकीचं जग पिवळी सोडून पुढे जातं. सर तिथेच खुर्ची ओढून बसायचे. एका पिवळ्या ओळीपायी आमची दिवाळीची सुट्टी त्यांनी दोन दिवस उशिरा सुरू केली होती.

प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव आणि गाव हवं, हे त्यांचं दुसरं खूळ. "बिघडला तर कोनाच्या दारात जायचा, ता कलाला पायजे," म्हणायचे. ग्रामसभेत रस्ता आणि पाण्याची टाकी यांबद्दलही ते हेच विचारत. त्यामुळे सर दिसले की सरपंचांना चहाची आठवण व्हायची.

एआयवर त्यांचा राग नव्हता. उलट त्याला ते अहोजाहो करत. "हुशार हायत. फक्त त्यांना दार नाय."

दोन वर्षांपूर्वी सरांच्याच गावची घरकुलाची यादी करायचं काम मला मिळालं. मी प्रोग्राम एआयकडून तासाभरात लिहून घेतला. किनाऱ्यावरच्या त्या गावात एकेका नावाच्या चार-चार बायका. गाव त्यांना घराच्या टोपणनावाने ओळखतं. प्रोग्रामने सारखी नावं म्हणजे एकच बाई, असं धरून एक ठेवली, बाकीच्या गाळल्या. तसं त्याने पिवळ्या अक्षरांत कळवलंही होतं. मी वाचलं नाही.

ग्रामसभेत हिराबाई उभी राहिली. छपरावर ताडपत्री बांधून तिने तीन पावसाळे काढले होते.

"माजा नाव कुठं गेला?"

"यादी एआयने केली हाय," सरपंच म्हणाले. "आमचा हात नाय."

सर उठले. "एआय कुठल्या वॉर्डातून निवडून आलेत?" सभा हसली. मग म्हणाले, "प्रोग्राम कोनाचा?"

त्यांना माहीत होतं. त्याच दुपारी त्यांच्या घरी बोंबील खाता खाता मी या कामाच्या फुशारक्या मारल्या होत्या. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, नुसते थांबले. मला पळून जावंसं वाटत होतं. शेवटी उभा राहिलो.

"माझा."

"बस," सर म्हणाले. "सरपंच, यादी थांबवा. उद्या दोघं बसून नीट करू."

दोन दिवस आम्ही घरोघरी फिरून टोपणनावं लिहून आणली. मग सरांनी स्वतः बसून माझा प्रोग्राम तपासला. हिराबाईचं नाव परत आलं. मला मात्र वर्षभर कुठल्याच पंचायतीचं काम आलं नाही.

सर गेल्या फेब्रुवारीत गेले. हिराबाईच्या भिंती उभ्या राहिलेल्या त्यांनी पाहिल्या, तेवढं बरं झालं. परवा एका नव्या कामासाठी तो जुना प्रोग्राम उघडला. वर माझं नाव, गाव. त्याखाली सरांनी मला न सांगता घातलेली एक ओळ होती: 'तपासनारा: या पोराचा मास्तर. पोरगा घरी नसेल तर माझ्या दारात या.'

मी बराच वेळ रडलो. मग प्रोग्राम चालवला आणि पिवळ्या ओळी एकेक करून वाचायला घेतल्या.