बिनझाडाची झोळी

माझी आई दिवाळीनंतर आमच्याकडे वाशीमला राहायला आली, तेव्हा तिनं आपली कापडी पिशवी बैठकीच्या दारामागच्या खुंटीला अडकवली. पिशवीत चार लुगडी, चोळ्या, फणी आणि देवाची एक तसबीर. लुगडं धुतलं, वाळलं, की घडी घालून परत पिशवीत. मी तिला माझं कपाट उघडून दाखवलं, तर म्हणाली, "राहू दे न वं. दोन दिवसासाठी कायले पायजे कपाट?"

त्या दोन दिवसांचे पाच महिने झाले, पण पिशवी खुंटीवरून हलली नाही. येता-जाता ती मला दिसायची. ती भरलेली पिशवी म्हणजे आईनं रोज, न बोलता, मला दिलेली सूचना होती.

आमच्या भागातल्या जुन्या बाया लेकीच्या घरी राहत नाहीत. चार दिवस पाहुणी म्हणून यावं, नातवंडांच्या हातावर काही ठेवावं आणि निघावं. आईची आई तर म्हणे लेकीच्या गावचं पाणीही पीत नसे, तहान लागली तर शीव ओलांडेपर्यंत थांबायची. आता मी एकुलती एक. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. रिठदच्या घरात आई एकटी पायरीवरून घसरली आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून राहिली. हे कळल्यावर मी गाडी केली आणि तिला जवळजवळ उचलूनच आणलं. तिनं विरोध केला नाही, पण होकारही दिला नाही.

घरात ती अशी वावरायची की कशाला धक्का लागू नये. जावई घरात असले की डोक्यावरचा पदर सावरून स्वयंपाकघरात. पलंगावर कधी टेकली नाही. "जवायाच्या पलंगावर सासूनं झोपावं काय?" ती आपल्या गोधडीवर, खाली, कुशीवरच झोपायची. तिच्या पाठीला बाक आला आहे. जन्मभर वाकून निंदण केलेली पाठ आता सरळ होत नाही, आणि सपाट जमिनीवर उताणं पडलं की मान अधांतरी राहते. दुपारभर मागच्या दाराच्या पायरीवर भिंतीला टेकून बसायची आणि बसल्या बसल्या पेंगायची.

मार्चमध्ये एका रविवारी आम्ही दोघी मागे चिंचा फोडत बसलो होतो. मी सहज विचारलं, मी लहान असताना शेतात मला कुठे ठेवायचीस? आमच्या त्या तुकड्यात तर एक झाड नव्हतं.

"तिकटी करो न," आई म्हणाली. "तीन काठ्या घ्याच्या, वरतून बांधाच्या, खाली फाकवाच्या. त्याले लुगड्याची झोळी. तू आत अन् मी तासात निंदत." मग जरा थांबली आणि हातातल्या चिंचेकडे पाहत म्हणाली, "तुले हालवता हालवता वाटे, एक डाव आपनबी पडून पाहावं आत. पाठ कशी मस्त बसली असती. पन मंग निंदन कोन करीन?"

एवढंच बोलली आणि पुढची चिंच घेतली. पण मला काही ते सोडवेना. तिची ती वाकलेली पाठ झोळीत बरोबर बसली असती, हे मला आजवर सुचलं नव्हतं याचा रागच आला. मी शाळेत मास्तरीण, दुनियेला शहाणपण शिकवते. मी ठरवलं, आईला झोळी आणायची. आणि मनात दुसरंही होतं, ते लपवण्यात अर्थ नाही: झोळीत रमली तर राहील.

अडचण एकच. आमच्या घरामागे झाड म्हणून एक शेवगा आहे. शेवग्याच्या भरवशावर कावळ्यानंही बसू नये. कंपाउंडची भिंत साडेचार इंचाची, खिळा मारला तर अर्धी वीट हातात येते. दुपारी दोननंतर शेजारच्या कडुनिंबाची सावली तेवढी आमच्या बाजूला पडते, झाड मात्र त्यांचं. म्हणजे जो स्वतःच्या पायावर उभा राहील असाच झुला पाहिजे होता.

मोबाइलवर पाहिलं तर असे झुले ढीगभर. हिरवळीवर, छत्रीखाली, उघड्या पायांच्या बाया त्यात पुस्तक वाचत पडलेल्या. लाकडी कमानीच्या एका झुल्याची किंमत वाचून मी मोबाइल उलटा ठेवला. तेवढ्यात आमच्याकडे दोन कूलर आले असते. स्वस्तातले होते त्यांच्याखाली लोकांनी लिहिलेले अनुभव वाचून झोप उडाली. माझे यजमान धान्य बाजारात मापारी आहेत, पोती मोजण्यात जन्म गेला. त्यांचा भरवसा फक्त काट्यावर. ते म्हणाले, "फोटो पाहून बैल घेते का कोनी? दुकानात पाहू."

दुकानात एक मिळाला. घडीचा लोखंडी सांगाडा, त्यावर नायलॉनची जाळी. परवडणारा. दुकानदारानं एका बोटानं हलवून दाखवला. घरी आणून मागच्या अंगणात उभा केला आणि यजमानांनी त्यांच्या पद्धतीनं त्याची परीक्षा घेतली. सोयाबीनचा एक कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, आणून अलगद मध्ये ठेवला. झुला गप्प. दुसरा ठेवला. झुला गप्प. यजमान कंबरेवर हात ठेवून उभे राहिले, जणू स्वतःच वाकवून बनवला होता.

"या मामी," ते म्हणाले, "दोन कट्टे पेलले. तुमी तं एकाच्याबी भराच्या नाई."

कट्टे काढून बाजूला ठेवले. जावयानं एवढ्या मानानं बोलावलं म्हणून आई आली. पदर सावरला आणि बाजेच्या काठावर बसावं तशी जाळीच्या काठावर बसली. जाळी सर्रकन उलटली, सांगाडा तिच्यामागे कलला आणि आई खाली. नशीब की बाजूला काढलेल्या कट्ट्यांवरच पडली. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. सांगाड्याचा एक पाय मात्र वाकला.

मी यजमानांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते मान खाली घालून उभे होते. आई मात्र वाकलेल्या पायाकडे पाहत होती. आत गेल्यावर मला हळूच म्हणाली, "जवायाची वस्तू मोडली माह्यानं. येत्या सोमवारी मले रिठदच्या गाडीत बसवून दे."

राहावी म्हणून झुला आणला आणि झुल्यानंच तिला जायची तारीख दिली. तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो, ती वाद घालतच नाही. ती फक्त पिशवी भरते. संध्याकाळी वाळत घातलेलं लुगडं पिशवीत गेलं आणि पिशवीचं तोंड तिनं नाडीनं बांधलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी झुला परत करायला गेलो. दुकानदारानं आढेवेढे घेतले, पण मी वर्गातला आवाज काढल्यावर घेतला परत. येताना वेल्डिंगच्या शेडपाशी थांबलो. आमच्या खिडक्यांच्या जाळ्या इथल्याच म्हाताऱ्या कारागिरानं केलेल्या, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. मी रागारागानं त्यांना सगळी कथा सांगितली. त्यांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर घेतला आणि पोटभर हसले.

"मॅडम, पोतं कधी झुल्यात चढते काय? पोतं तं तुमी ठेवता. आदमी स्वतः चढते, स्वतः उतरते. पडते तं चढता-उतरताच पडते." यजमानांनी मान हलवली. इतक्या वर्षांच्या मापारीत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. "अम्मीले घेऊन या," चाचा म्हणाले. "तिच्या गुडघ्याचं माप लागीन मले."

पण आईला न्यायचं कसं? माप द्यायला चल म्हटलं असतं तर ती जागची हलली नसती. मी तिला म्हटलं, "माय, चाचांना तिकटी सांगता आली नाही मला. कशी बांधायची, किती फाकवायची, काहीच नाही."

"इतकी शिकली अन् तिकटी माईत नाई?" आई खरोखर चिडली. "चाल. मी सांगतो." आमच्याकडे बायाही जातो-येतो असंच बोलतात, आणि आई असं ठासून बोलली की समजावं, ती तिच्या कामाला लागली.

शेडमध्ये तिनं तीन सळया मागून घेतल्या आणि चाचांच्या समोर तिकटी उभी करून दाखवली. पाय किती लांब, मध्ये अंतर किती. "जास्त फाकवलं तं बसते, कमी फाकवलं तं पडते," ती म्हणाली. चाचांनी दोन तिकट्या आणि मध्ये एक आडवा पाइप असं खडूनं जमिनीवर काढलं. मग तिला स्टुलावर बसवलं आणि जमिनीपासून गुडघ्यामागपर्यंत सुतळी लावून तिला गाठ मारली. "बसल्यावर पाय जमिनीले टेकले पायजे, अम्मा. अन् कापड चौडं पायजे, खोल पायजे. काठावर नाई, बीचमधी बसाचं." भंगारातले चांगले पाइप निवडून करतो म्हणाले, म्हणजे परवडण्याचाही प्रश्न मिटला.

निघताना आईनं विचारलं, "हे भितीले टेकवा लागीन काय?"

"नाई अम्मा."

"घराले कायीच नाई बांधा लागत?"

"कायीच नाई. जिथं ठेवसान तिथं उभा."

आईनं ते नीट ऐकून घेतलं. मला आधी वाटलं, पडायची भीती वाटते म्हणून विचारते आहे. मग रिक्षात बसल्यावर उलगडलं. तिला भीती पडायची नव्हती. जावयाच्या भिंतीला, जावयाच्या घराला जे टेकत नाही, त्याच्यावर टेकायला तिची हरकत नव्हती. मी रिक्षाच्या बाहेर पाहत डोळे पुसले. धूळ भरपूर होती, निमित्त शोधावं लागलं नाही.

"सोमवारचं राहू दे," आई म्हणाली. "कसं होते ते पाहून जातो."

कापड मात्र ती माझ्याकडून घेईना. पिशवीची नाडी सोडून तिनं आपली दोन जुनी लुगडी काढली, एकावर एक ठेवली आणि शिवायला बसली. साध्या सुईनं काही जमेना. तेव्हा यजमानांनी कट्टे शिवायचं आपलं दाभण आणलं आणि समोर पाट घेऊन बसले. ती टाका घालायची, ते सुतळी ओढून द्यायचे. "मामी, इथं दुहेरी मारा," ते म्हणायचे. "मारतो न, जवाईबुवा, घाई काहून करून राह्यले?" ती म्हणायची. मी दारात उभी राहून ऐकत होते. एवढं सलग ती त्यांच्याशी कधी बोललेली नव्हती. पिशवी निम्मी झाली म्हणून मी खुशीत होते, तर दुसऱ्या दिवशी पाहते तो तिनं त्यात फोडलेल्या चिंचेचा गोळा भरून ती परत फुगवलेली.

चाचांनी सांगाडा आणून कडुनिंबाच्या सावलीत उभा केला, झोळी अडकवली. वारा सुटला आणि झोळी आपोआप हलायला लागली. आई धावत आली आणि दोन्ही हातांनी तिनं झोळी धरली. "रिकामी झोळी हालू देऊ नये." लहानपणी आम्ही रिकामा पाळणा हलवला की पाठीत धपाटा बसायचा, तोच हा नेम. आता वाऱ्याला कोण सांगणार? तिनं इकडेतिकडे पाहिलं, आत गेली, खुंटीवरची पिशवी काढून आणली आणि झोळीत ठेवली.

त्यानंतर पाच दिवस आमच्या अंगणात पिशवी झोके घेत होती. आई पायरीवर आणि पिशवी झोळीत. दुसऱ्या दिवशी मी हसले. पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. "पिशवीला झोपवायला केला का मी एवढा खटाटोप?" मी ओरडले. मग मलाच रात्रभर वाईट वाटत राहिलं. जायचं तर जाऊ दे, असंही एकदा मनात आलं. जिला राहायचंच नाही तिला मी दाभणानं शिवून ठेवणार होते का?

एप्रिलची सकाळची शाळा करून मी दुपारी घरी आले. मागचं दार उघडं होतं. आई झोळीपाशी उभी, पिशवी तिच्या कडेवर, लेकराला घेतात तशी. फरशीवर नुकतीच भांडी घासलेली, सगळं ओलं. पिशवी ठेवायला तिला कोरडी जागा सापडत नव्हती, आणि पिशवी खाली ठेवल्याशिवाय झोळीत बसता येत नव्हतं. अशी ती किती वेळ उभी होती कोण जाणे. पिशवी परत खुंटीला लावायला तिला फक्त दहा पावलं चालायचं होतं. ती चालली नव्हती.

मला पाहून म्हणाली, "काय पाहून राह्यली? धर हे. अन् तुया कपाटात एक कप्पा रिकामा कर."

मी माझ्या साड्या अक्षरशः पलंगावर फेकल्या. मधला कप्पा, तिला वाकावं लागू नये म्हणून. लुगडी ठेवली, चोळ्या ठेवल्या, फणी ठेवली, तसबीर पुसून देवघरात लावली, चिंचेचा गोळा बरणीत गेला. रिकामी पिशवी झटकून स्वयंपाकघरात अडकवली. आता ती भाजीला जाते.

बाहेर आले तर आई झोळीत होती. आधी मधोमध बसली असणार, मग पाय वर घेतले असणार, चाचांनी सांगितलं तसं. पाठीचा बाक कापडात बरोबर बसला होता आणि डोकं टेकलं होतं. इतक्या वर्षांत मी तिला उताणी झोपलेली पाहिली नव्हती. मी पायरीवर बसले, आवाज न करता. मला वाटलं, झोपली.

डोळे मिटूनच ती म्हणाली, "बसली काहून? हालव न वं जराशी."