शिगेनोची पिशवी

गल्लीच्या तोंडाशी, कावळ्यांनी उकरू नये म्हणून टाकलेल्या जाळीखालून सगळ्यांच्या कचऱ्याच्या पिशव्या गेल्या होत्या आणि एकच मागे राहिली होती. तिच्यावर 'चुकीचा कचरा, नेणार नाही' असा लाल कागद चिकटवलेला. शिगेनोने लांबूनच ओळखलं. पारदर्शक पिशवीवर तिच्याच अक्षरात तिचंच नाव होतं. आत टोफूच्या धुतलेल्या प्लास्टिकच्या डब्यांतच मिसळलेले माशाचे काटे आणि चहाचा चोथा.

एप्रनखाली पिशवी दडवून ती घरी आली. कुणी पाहिलं नव्हतं. तरी तिने दाराला आतून कडी घातली.

ही तीच शिगेनो. माशाच्या वड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, तेव्हा जेवणाच्या, एकदा वापरून फेकायच्या काड्या तिनेच बंद करवल्या. ज्याने त्याने आपल्या काड्या फडक्यात गुंडाळून आणायच्या, चहाला घरचा पेला. छापील कागदाची कोरी बाजू टाचून कच्च्या कामाला वह्या. जेवणाच्या सुट्टीत दिवे बंद. "आली दिव्यांची पोलीस," असं मुकादम म्हणायचा. पुढे विजेचं बिल उतरलं, तेव्हा तोच तिच्यामागून बटणं बंद करत फिरू लागला.

निवृत्त झाली आणि तिचं लक्ष गल्लीकडे वळलं. दुधाचं खोकं धुऊन, कापून, उलगडून वाळवायचं. बाटलीचं बूच वेगळं. ओला कचरा घट्ट पिळायचा आणि वर्तमानपत्र दुमडून केलेल्या खोक्यात घालायचा, उगाच पाणी जाळायला कचऱ्याच्या भट्टीला तेल कशाला? ते खोकं ती अशी दुमडायची की एक थेंब गळत नसे. तशी घडी गल्लीत दुसऱ्या कुणाला जमली नाही. शेजारच्या मित्सुएची पिशवी तर तिने कितीदा परत नेऊन दिली होती. "शिगेनो-सान, तुमच्यापेक्षा माझी सासू परवडली," मित्सुए म्हणायची आणि मेयोनेजची बाटली पुन्हा धुवायला घ्यायची.

आणि आता तिचीच पिशवी लाल. ओसाकाहून लेक, हारुए, नववर्षाला आली होती तेव्हा जळून काळं झालेलं पातेलं तिला सापडलं होतं. "आई, आणखी एकदा काही झालं ना, तर मी तुझं ऐकणार नाही. घर बंद करायचं आणि आमच्याकडे यायचं. नाहीतर तिथल्या वृद्धाश्रमात जागा बघते." हारुए बोलली ते करणारी होती. आईवरच गेली होती.

म्हणून शिगेनोने पिशवीवर नाव घालणंच सोडलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर तिने त्याच्या दारात जाऊन उभं राहून जाब विचारला असता. आता ती पिशवी दोनदा उघडून बघायची, तिसऱ्यांदा बांधायची, आणि जाळीखाली सरकवून मागे न बघता परतायची.

त्या सकाळी कचऱ्याची गाडी वळणावरच थांबली. मागून काळा धूर. गाडीवरच्या माणसांनी ओरडून सगळ्यांना मागे सारलं, कचरा रस्त्यावर ओतला, पाणी मारलं. एकाचा हातमोजा भाजला होता. तो नळाखाली हात धरून उभा होता आणि हसायचा प्रयत्न करत होता.

"टेबलावरच्या शेगडीचा गॅसचा डबा," दुसरा काठीने ढिगारा उकरत म्हणाला. "पूर्ण रिकामाही केलेला नाही. पिशवीवर नाव नाही."

गल्ली गोळा झाली होती. कोपऱ्यातल्या खोलीत राहणारी व्हिएतनामची ल्यूएनही आली होती, कारखान्याच्या कपड्यांतच.

"आणखी कोण असणार?" मित्सुए म्हणाली. तिने ल्यूएनकडे पाहिलं नाही, पण बाकीच्यांनी पाहिलं. "नवी माणसं. यांना डब्यातलं काय कळतंय."

ल्यूएनला सगळं समजलं नसावं, पण नजरा समजल्या. ती कमरेत वाकली आणि माफी मागू लागली.

 काल रात्री शिगेनोने तसल्याच शेगडीवर भाज्यांचा रस्सा उकळला होता. डबा संपत आला होता. मग? मग त्याचं काय केलं? आठवणीत तिथे नुसतं धुकं. कदाचित फळीवरच असेल. घरी जाऊन बघून यावं, एवढंच. तिने पाऊल मागे घेतलं.

तेवढ्यात काठीच्या टोकाला वर्तमानपत्राचं खोकं आलं. ओलं, अर्धं जळलेलं, पण कडेची घडी तशीच ताठ.

ल्यूएन अजून वाकलेलीच होती.

"ती माझी पिशवी," शिगेनो म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "नाव मीच घातलं नाही. हिने काही केलेलं नाही."

 भाजलेल्या माणसाने नळ बंद केला. शिगेनो त्याच्यासमोर वाकली, मग ल्यूएनसमोर, आणि बराच वेळ वर बघायची तिला हिंमत झाली नाही.

दुपारी मित्सुए न विचारता स्वयंपाकघरात शिरली. "यापुढे पिशवी आधी मला दाखवायची. माझी इतकी वर्षं तपासलीत, आता माझी पाळी." ओट्याखालची अर्धी भरलेली पिशवी तिने जमिनीवर वर्तमानपत्र पसरून उपडी केली. केळीची सालं, चोथा, आणि त्यातून खणकन काहीतरी पडलं.

घराची किल्ली.

मित्सुएने ती पदराला पुसावी तशी एप्रनला पुसली आणि शिगेनोच्या तळहातावर ठेवली. "ही जळणाऱ्या कचऱ्यात जात नाही," ती हळू म्हणाली. नेहमीसारखी हसली मात्र नाही.

शिगेनोने मूठ मिटली. किल्ली हरवल्याचं तिला ठाऊकच नव्हतं.

"हारुएला तुम्ही कळवणार?"

"मी कशाला? तुम्ही आहात ना."

किल्ली मुठीत तशीच धरून शिगेनो फोनजवळ गेली. लेकीचा नंबर तिला पाठ होता. पहिले आकडे तिने भराभर दाबले. मग बोट थांबलं. पुढचे आकडे आठवेनात.

"मित्सुए-सान," ती मागे न वळता म्हणाली, "पुढचे तुम्ही लावा. वहीत आहे नंबर."