त्रेचाळीस गुप्त दरवाजे, धायरीत मोफत

आमच्या आईकडे त्रेचाळीस गुप्त दरवाजे होते. ते मी एका गुरुवारी सकाळी साडेसात ते नऊ या वेळात धायरीत फुकट वाटून टाकले.

दरवाजे एका जुन्या व्हिडिओ गेममधले. माझा मोठा भाऊ निखिल बारावीत असताना त्याने तो आणला होता. तलवार घेतलेला एक शिलेदार, शापित राज्य, भुयारं, बोलणारी झाडं आणि सगळ्यात शेवटी पाण्याखालचा जलमहाल, ज्यात राज्याचा चोरलेला मुकुट लपवलेला आहे. बारावीचं वर्ष म्हणून आईने गेम जप्त केला. कपाटात टाकण्याआधी “बघू तरी काय आहे एवढं” म्हणून एकदा लावला. त्याला आता अकरा वर्षं झाली. निखिल बारावी झाला, इंजिनिअर झाला, बंगळुरूला गेला. आई अजून त्याच राज्यात आहे!

आई एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाली. त्यामुळे ती गेम खेळत नाही, त्याची नोंद ठेवते. प्रत्येक भुयाराचा नकाशा हाताने काढायचा, गुप्त दरवाजाला लाल खूण करायची आणि खाली सुवाच्य अक्षरात सूचना लिहायच्या:

“धबधबा दिसला की मागे जाऊन बघणे.”

“भिंतीला तडा असेल तर ठोकणे. तडा नसेल तरी ठोकणे.”

“विहिरीजवळच्या म्हाताऱ्याशी दोनदा बोलणे. पहिल्यांदा तो नुसती कुरकुर करतो, दुसऱ्यांदा खरं सांगतो.”

“वस्तू सापडत नसेल तर जिथून निघालो तिथे आधी शोधणे.”

मी एकदा म्हटलं, “आई, ही सगळी गुपितं इंटरनेटवर आहेत. दोन मिनिटांत मिळतील.”

आईने चष्म्यावरून बघितलं. “शब्दकोडं सोडवताना शेवटच्या पानावरची उत्तरं बघणाऱ्यातली मी नाही. तू बघत असशील.”

(मी बघते.)

निखिलनेही बंगळुरूला तोच गेम घेतला होता, आणि दर रविवारी त्याचा फोन यायचा. इतर आया मुलांना जेवलास का विचारतात. आमच्याकडे संभाषण असं:

“पुतळा ढकललास का रे?”

“तीनदा ढकलला. हलत नाही.”

“डावीकडून?”

“...नाही.”

“मग आधी जेव आणि मग डावीकडून ढकल.”

दोघांचं एकच ठरलेलं होतं. जलमहाल एकट्याने उघडायचा नाही, शेजारी बसून उघडायचा. आणि आता निखिल तीन वर्षांसाठी परदेशी निघाला होता. जाण्याआधी एका रविवारी एक दिवस घरी येणार होता. अकरा वर्षांचा शेवट त्या रविवारी व्हायचा होता. जलमहालाचा रस्ता आईने वर्षभर खपून एका कागदावर उतरवला होता.

आता माझ्याबद्दल. मी कार्यकर्ती आहे. माझी चळवळ पदपथांची. आमच्या रस्त्याला पदपथ आहे, फक्त त्यावर वाळूचे ढीग आहेत, क्लासचे बोर्ड आहेत, दुकानांच्या कुंड्या आहेत, आणि ज्याच्यासाठी तो बांधला तो माणूस खाली उतरून टेम्पोच्या चाकाशी गप्पा मारत चालतो! याचा संताप यायला नको? मला येतो. संताप आला की मी पत्रक काढते. त्या आठवड्यातल्या पत्रकाचा मथळा होता, “नागरिकांनो, किती सहन करणार?” खाली एकोणीस वाक्यं आणि सव्वीस उद्गारचिन्हं. तळाला नेहमीची ओळ: “हे पत्रक पाठकोऱ्या कागदावर छापले आहे. आपणही कागद वाचवा!”

पाठकोरा म्हणजे एका बाजूने वापरलेला, दुसऱ्या बाजूने कोरा. आमच्या घरात असा कागद रद्दीत गेला तर सुतक पाळतात. त्यासाठी कपाटावर एक खोकं होतं आणि त्यावर आईच्या अक्षरात चिठ्ठी होती, “पाठकोरे”. बुधवारी संध्याकाळी मी ते खोकं काढलं. आत शहाण्णव कागद, एकही चुरगळलेला नाही. मी कोरी बाजू नीट तपासली. दुसरी बाजू बघितली नाही. तिथे मला काही छापायचंच नव्हतं!

गुरुवारी सकाळी गेटासमोर लावलेल्या स्कूटरवर गठ्ठा ठेवला आणि निघाले. एकाही माणसाने पत्रक घेऊन लगेच फेकलं नाही. उलटसुलट करून बघत लोक दारातच उभे राहत होते. मला वाटलं, जागा होतोय समाज.

शुक्रवारी दुपारी आई स्वयंपाकघरात आली.

“शलाका, माझा जलमहाल कुठाय?”

“कुठे ठेवला होतास?”

“कपाटावरच्या खोक्यात.”

“त्यात तर पाठकोरे होते.”

“असं कोण म्हणतं?”

“खोकं म्हणतं! तुझ्याच अक्षरात!”

“त्याच खोक्यावर ‘मिक्सर’ असंही छापलेलं आहे. मग त्यात चटणी का नाही वाटलीस?”

मग उलगडा झाला. पाठकोरे संपल्यावर खोकं रिकामं झालं. खोकं धडधाकट होतं, ते टाकून कसं द्यायचं? म्हणून आईने त्यात नकाशे ठेवले. चिठ्ठीही नीट चिकटलेली होती, ती खरवडून कशाला काढायची? काटकसर करणाऱ्या घराचा नाश असाच होतो, काहीही वाया न जाता!

मला वाटलं आई ओरडेल. ती ओरडली नाही. रिकामं खोकं मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, “परवा निखिल येतोय.” एवढंच. माझ्या सव्वीस उद्गारचिन्हांत मिळून तेवढं वजन नव्हतं.

“मी सगळे गोळा करून आणते,” मी म्हटलं.

“तुला ओळखू येतील? तुझ्या बाजूने सगळे सारखेच दिसतात.” आणि तिने चपला घातल्या.

हे सांगायला हवं की आई दोन वर्षांत गेटाबाहेर पायी गेली नव्हती. गुडघा दुखतो म्हणायची. तिला घरात बसणं आवडतं असं मी ठरवून टाकलं होतं.

पहिले केळकर काका, आमच्या खालच्या मजल्यावरचे. आयुष्यभर सरकारी नकाशे तपासून निवृत्त झाले आणि अजून तपासायचं थांबलेले नाहीत. पत्रक टेबलावर पसरलेलं, नकाशाची बाजू वर, हातात लाल पेन.

“या. कोणी काढलाय हा?”

“मी,” आई म्हणाली.

“उत्तर दिशा दाखवलेली नाही. प्रमाण नाही. आणि हे काय, ‘येथे अजगर, मागील दाराने जावे’? कुठली सोसायटी ही?”

“गुहा आहे ती.”

“असेल. पण गुहेला एकच जिना? आग लागली तर माणसं कशी बाहेर पडणार?”

“माणसं नाहीत हो, भुतं आहेत.”

“म्हणून काय झालं? नियम म्हणजे नियम.”

“काका,” मी मध्येच म्हणाले, “मागची बाजू वाचलीत?”

“मागे काही होतं?” काकांनी कागद पालटला, उद्गारचिन्हांवर नजर टाकली आणि पुन्हा पालटला. “हां. जाहिरात आहे.”

नाक्यावर आप्पांची डेअरी. आप्पा मूळचे गावातले, धायरी शेताची होती तेव्हापासूनचे. पत्रक फ्रिजच्या काचेला चिकटवलेलं, अर्थातच नकाशाच्या बाजूने. विहिरीजवळच्या म्हाताऱ्याची सूचना नेमकी गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर.

“ताई, ह्यो कागद घेऊन जावा बरं,” आम्हाला बघताच आप्पा म्हणाले. “वैताग आणलाय. गिऱ्हाईक वाचतंय आन् दोनदा इचारतंय. ‘आप्पा, दही आजचं हाय का?’ म्हटलं हाय. की परत तेच. दुसऱ्यांदा जीभ वळत न्हाई हो!”

“म्हणजे पहिल्यांदा वळते?” आईने विचारलं.

आप्पांनी कागद काढून दिला. “कालचं हाय,” ते म्हणाले.

डेअरीपासून मेडिकलच्या दुकानापर्यंत दोनशे पावलं असतील. स्कूटरवरून मी ती रोज अर्ध्या मिनिटात पार करते. त्या दिवशी आईचा हात धरून चालले आणि वीस मिनिटं लागली. वाळूचा ढीग आला की रस्त्यावर उतरायचं, कुंड्या संपल्या की वर चढायचं, बोर्ड आला की पुन्हा उतरायचं. दर वेळी आईची बोटं माझ्या मनगटात रुतायची. एका झाकण नसलेल्या चेंबरपाशी ती थांबली.

“इथेच.”

“इथे काय?”

“इथेच पडले होते मी.”

ती पडली होती हे मला माहीत होतं. तेव्हा मी लगोलग पत्रक काढलं होतं, “ज्येष्ठांच्या सुरक्षेचे काय?” फार गाजलं, असं मला वाटतं. फक्त ज्येष्ठ नेमक्या कुठे पडल्या, हे विचारायचं राहून गेलं होतं.

“सांगितलं नाहीस कधी,” मी म्हटलं.

“एकदा विचारलंस, तेव्हा मी कुरकुर केली. दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर सांगितलं असतं.” मग म्हणाली, “त्या गेममध्ये राक्षस आहेत, अजगर आहेत, पण चालायला जागा आहे. म्हणून तिथे चालते.”

आईने पर्समधून पेन्सिल काढली, केळकर काकांकडून परत मिळालेल्या नकाशाच्या कोपऱ्यात एक लहानसा चौकोन काढला आणि लिहिलं, “चेंबर. झाकण नाही. डावीकडून जाणे.” सवय हो, दुसरं काय!

शनिवार संध्याकाळपर्यंत आम्ही शहाण्णवपैकी अठ्ठ्याऐंशी कागद परत मिळवले. एकावर इस्त्रीवाल्यांनी कपड्यांचा हिशोब मांडला होता, एकावर कुणाच्या तरी नातवाने अजगराला मिशा काढल्या होत्या. आईने प्रत्येक घरी पाणी घेतलं, प्रत्येकाशी बोलली, आणि निघताना जिन्यातून परत फिरून पुन्हा एकदा बोलली. पहिल्या खेपेला सगळे “ठीक चाललंय” म्हणाले. दुसऱ्या खेपेला एक आजोबा म्हणाले, रस्ता ओलांडायची भीती वाटते म्हणून बागेत जाणं सोडलंय. तीन वर्षं मी त्यांच्या दारात पत्रक टाकत होते.

त्रेचाळीसपैकी बेचाळीस दरवाजे घरी आले. जलमहाल नाही.

रविवारी सकाळी निखिल आला. त्याने बॅग ठेवली, आईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझ्याकडे वळला. “तू काय केलंस?” (आमच्या घरात हा प्रश्न थेट मलाच विचारतात.)

मी रडकुंडीला येऊन सांगितलं, दोनदा फिरले, एक घर सोडलं नाही. आई शांतपणे म्हणाली, “जिथून निघालीस तिथे बघितलंस?”

मी धावत खाली गेले. स्कूटरची सीट उचलली. आत एक घडी केलेला कागद होता. गुरुवारी सकाळी सीट पुसायला मी गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा कागद वापरला होता. जलमहालावर धूळ होती, एका दालनावर ग्रीसचा अंगठा होता, पण रस्ता शाबूत होता.

दुपारी दोघं शेजारी बसले. मी मागे उभी राहून बघत होते. आई वाट सांगत होती, निखिल चालवत होता, मध्येच बटणं आईकडे देत होता. मुकुट सापडला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. निखिलने फक्त तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मग त्याने विचारलं, “आता काय खेळणार गं?”

“आता रस्ता,” आई म्हणाली.

आणि तिने खरंच काढला. आमच्या गेटापासून मेडिकलपर्यंतचा संपूर्ण नकाशा: कुठे उतरायचं, कुठे चढायचं, कुठे थांबायचं, प्रत्येक अडथळ्याला क्रमांक आणि खाली सूचना. (उत्तर दिशा केळकर काकांनी जातीने काढून दिली.) नव्या पत्रकाच्या दीडशे प्रती आईने झेरॉक्स करून आणल्या, मागची बाजू माझ्यासाठी कोरी ठेवली. मी त्यावर माझा मजकूर छापला, या वेळी फक्त चार उद्गारचिन्हं, आणि सगळं वाटलं. काय सांगू, लोक थांबून वाचायला लागले! आप्पांनी आपण होऊन फ्रिजला लावलं. दोन दुकानदारांनी स्वतःच्या कुंड्या आत घेतल्या, नकाशात आपला क्रमांक बघून लाजून. मी कृतकृत्य होऊन घरी येत होते, तर केळकर काका गेटात उभे.

“उत्तम नकाशा. तुम्ही वाचलात ना?”

“म्हणजे काय काका! माझंच पत्रक आहे.”

“मग पहिला क्रमांक वाचा की मोठ्याने.”

मी कागद पालटला. त्या बाजूला मी पहिल्यांदाच बघत होते. आईचं सुवाच्य अक्षर:

“१. गेटासमोर, पदपथावर, पांढरी स्कूटर. दोन वर्षे रोज इथेच लावली जाते. मालकीण पदपथाची पत्रके वाटते. तिच्याशी दोनदा बोलून पाहिले, उपयोग नाही. वळसा घालून जाणे.”