मोकळ्या जागेची जोडी

एक जूनच्या संध्याकाळी, पाचशे रुपये फी खिशात घेऊन, गांजा ओढू लागलेल्या माझ्या मुलाला मी येळ्ळूरच्या तालमीत नेलं. तिथं लाठी शिकवणारे आप्पा एकटेच होते. त्यांनी आधी मुलाचे तळवे हुंगले, मग हातात लाठी देऊन त्याला मोकळ्या जागेसमोर उभं केलं.

"जोडीला कुणीच न्हाय की," मुलगा हसला.

आप्पा म्हणाले, "माझा पोरगा हाय. ह्याच नादानं गेला. त्याला हितं आणायला मला लई उशीर झालता. तू येळंवर आलास. मार."

मुलानं हवेत लाठी मारली. लाठीवर लाठी आपटल्याचा आवाज आला. त्याचं हसू मावळलं.

"उद्या बी येतो," तो म्हणाला, पण आप्पांकडे न बघता, समोर बघून.

आप्पांनी फी घेतली नाही. पाचशे रुपये मी त्या मोकळ्या जागी ठेवले.