विम्यात वाचवलेले तीनशे रुपये

गांधीबागेतल्या एका कापडाच्या ठोक दुकानात माझी पंचवीस वर्षं गेली. तिथे सांगितलेल्या भावात माल उचलणारा माणूस एकतर बाहेरगावचा असतो, नाहीतर बावळट. ही खोड माझ्या अंगात इतकी मुरली की गाड्यांचे विमेसुद्धा मी घासाघीस करूनच भरायचो. नातेवाईक दरवर्षी गाडीची कागदपत्रं घेऊन प्रताप नगरला माझ्याकडे येत आणि मी मोठ्या ऐटीत चष्मा लावून कॉम्प्युटरसमोर बसे.

मुंबई-पुण्याच्या गाड्यांपेक्षा नागपूरच्या गाडीला विमा थोडा स्वस्त पडतो. मुंबईच्या चुलतभावाला मी यावरून मुद्दाम फोन करून चिडवायचो. पण मला स्वस्तातही आणखी स्वस्त हवं असे. चार कंपन्यांचे दर ताडून बघायचे. बारीकसारीक पोचे स्वतःच्या पैशाने काढून घ्यायचे, म्हणजे क्लेम न केल्याची सवलत टिकते. हे शहाणपणाचंच होतं, आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन. आता कुणी विचारत नाही, कारण मीच ते काम सोडलं.

धाकटा भाऊ कोराडीच्या वीज केंद्रात कंत्राटी कामावर होता. बसचा वैताग नको म्हणून त्याने जुनी कार घेतली आणि विम्यासाठी माझ्याकडे आला.

"दादा, तू करशीन ते बरोबर," म्हणाला आणि चिवडा खात बसला.

एजंट असता तर त्याच्याशी हुज्जत घातली असती. इथे समोर माणूसच नव्हता, म्हणून मी पडद्यावरच्या चौकोनांशी भाव केला. मालक स्वतः गाडी चालवताना गेला तर घरच्यांना पंधरा लाख, असा एक विमा त्यात होता. त्याचे तीनशेच्या वर रुपये लागत होते. 'असा दुसरा विमा आधीच आहे' या ओळीपुढे खूण केली की ते कमी होत. भावाचा असा कुठलाही विमा नव्हता. मी खूण केली.

"पाय, तीनशे वाचवले तुये," मी म्हणालो.

"मंग आज तर्री-पोहे माह्याकडून," तो म्हणाला. आम्ही खरोखर जाऊन खाल्ले.

सहा महिन्यांनी ड्यूटीवर जाताना रस्त्यात गाय आडवी आली आणि त्याची कार दुभाजकावर चढली. तो जागीच गेला. दुसऱ्या कुठल्या गाडीचा संबंधच नव्हता, तेव्हा भरपाई तरी कुणाकडे मागणार?

महिन्याभराने त्याच्या बायकोला घेऊन मी विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो. काय निघणार हे मला ठाऊक होतं. तरी निर्लज्जासारखी आशा धरून गेलो. काउंटरवरच्या बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "यांनी दुसरा विमा असल्याचं लिहून दिलंय. पंधरा लाख तिकडून मिळतील."

भावाची बायको माझ्याकडे वळली. "कोणता दुसरा विमा, भाऊजी? यायनं तर कधी सांगतलं नाही."

"नसंन तसा काही," मी म्हणालो.

"मंग खोटं काहून लिहून देल्लं यायनं?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. बाहेर पडलं ते असं: "त्याची घाईगडबड झाली असंन."

तिने ते मान्य केलं. माझ्यावर तिचा विश्वास होता, आजही आहे. आता ती एका खानावळीत दोन्ही वेळच्या पोळ्या लाटते. सणासुदीला मी काही नेऊन दिलं की माझ्या पाया पडते, आणि मला स्वतःची किळस येते.

परवा तिच्या घरी गेलो होतो. पुतणीला बारावीनंतर शिकायचं आहे, त्यावरून मायलेकींचं वाजलं होतं. पुतणी माझ्यासमोरच म्हणाली, "पप्पाले आमची काही पडलीच नव्हती." आईने तिला गप्प केलं नाही. माझ्या हातात चहा होता. तो मी शेवटपर्यंत प्यायलो.