सुनंदाचा पासवर्ड

हे आजवर कुणापुढं बोललो नाही. बायकोपुढंही नाही. आता सांगतोय, तर ऐका — आणि मान हलवून 'चालायचंच' म्हणू नका. मला ते खपायचं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात मी जावामध्ये ऊसतोडीच्या पाळीची सिस्टीम लिहिली — कुणाचा ऊस कधी तुटणार, त्याची यादी. पक्की होती, आजही छाती ठोकून सांगतो. ज्याचा त्याचा पासवर्ड. ऑपरेटरनं नोंद करायची, शेती अधिकाऱ्यानं मंजूर करायची, एकाचं काम दुसऱ्याला उघडायचंच नाही. कुणी काय बदललं ते नावासकट राहायचं. फक्त — कुणाच्याही नावानं आत नेणारा एक पासवर्ड मी गुपचूप माझ्यापाशी ठेवला होता. कशाला? अडीअडचणीला, असं स्वतःला सांगायचो. थापा नुसत्या!

शेती अधिकारी कीबोर्डला हात लावायचे नाहीत. आपला पासवर्ड केबिनमधून ओरडून सांगायचे. पासवर्ड जपणारी एकटी सुनंदा. आटपाडीची, आमची ऑपरेटर, घरातली पहिली नोकरदार. साहेबांनी मागितला तरी दिला नाही. "सरांनी सांगितलंय, कुणाला द्यायचा न्हाई," म्हणाली. सर म्हणजे मी.

तेव्हा साताऱ्यात माझ्या बहिणीची सोयरीक जुळत होती, अजून कुणाला ठाऊक नव्हती. मुलाच्या बापाची शेती इस्लामपूरकडं, आमच्याच कारखान्याचा सभासद. हसत म्हणाला, "मशीन तुमचं, आन् आमचा ऊस मागं व्हय?" लय झोंबलं. बहिणीचं नाव पुढं करून सुटू म्हणता? छट्! पाव्हण्यांपुढं मला मोठं दिसायचं होतं, बस्स.

दुपारी सगळे जेवायला गेले. मी सुनंदाच्या नावानं शिरलो, पाव्हण्यांची पाळी वर घेतली, साहेबांच्या नावानं मंजूर केली. पाच मिनिटांचं काम.

ज्यांचा ऊस मागं पडला ते गप्प बसतील होय? बोंबाबोंब झाली, चौकशी लागली. साहेब सुटले — त्यांचा पासवर्ड अख्ख्या हापिसाला ठाऊक! सुनंदानं मात्र ठणकावून सांगितलं, माझा कुणालाच ठाऊक नाही. खरं बोलली आणि त्यातच अडकली.

मग मला विचारलं. जाणकार म्हणून, बरं का! तिच्या नावानं दुसऱ्या कुणाला शिरता येईल?

मी म्हणालो, "नाही."

भीती? होती की. पण जीभ अडखळली नाही माझी, हे लिहून ठेवा.

तिला काढलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडंच आली. "सर, मशीनमधीच कायतरी चुकलं आसंल. तुमी एकदा बघा की." माझ्यावर तिळभर संशय नाही. मी म्हणालो, "बघतो."

त्यानंतर ती रोज यायची, काही सापडलं का विचारायला. चौथ्या दिवशी मी गेटवर जाऊन वॉचमनला सांगितलं — हिला आत सोडायचं नाही.