शेवग्यावरची रंगीत अंडी

आपाकाका आज सकाळी गेला आणि जाताना आमची चतुर्थीपण घेऊन गेला.

परवा गणपती. सुतक लागलं. गणपतीवरच्या माटवीला बांधायची कवंडळाची रानफळं ओसरीवर तशीच पडून आहेत.

माणसाने जायला थोडा तरी टाइम बघावा! हा तर वक्तशीर जर्मनीत राहून आलेला.

साठच्या दशकात बाबांचा हा धाकटा भाऊ कारखान्यात काम शिकायला तिकडे गेला होता. लोकांना वाटलं, येताना एखादं मशीन आणेल. हा दोन सवयी घेऊन आला.

एक म्हणजे रविवारी उगाच फिरायला जाणं.

"आपा, खंय चललंस?"

"खंयच नाय. फिराक."

मालवणात काम नसताना भर उन्हात चालणारा माणूस म्हणजे डोकं फिरलेला. लोक आजीला येऊन सांगायचे, झिलाचं लग्न करून टाक.

दुसरी सवय अंडी रंगवायची. सुईने दोन्ही टोकांना भोक पाडायचं, आतलं फुंकून काढायचं आणि टरफलावर फुलं काढत बसायचं. तिकडच्या घरमालकिणीने शिकवलं म्हणे. थंडी सरताना तिथे ती बोडक्या झाडांवर टांगतात.

"कित्याक?" आजीने विचारलं.

"झाडाक बरां वाटूक व्हया म्हणान."

आजीने कपाळावर हात मारला.

एका चतुर्थीला याने ती दारातल्या शेवग्यावर टांगली. डेकोरेशन!

संध्याकाळी भजनी मंडळी आली. झाडावर लाल लाल अंडी बघून बुवा बाहेरच थांबले.

"दारात करणी आसा! मागे फिरा!"

आपाकाका धावला. एक अंडं त्यांच्यासमोर हातात फोडलं.

"बघा, आत काय नाय!"

"आत काय नाय? मगे आतला खंय गेला?"

आतल्याचा पोळा करून आम्ही पोरांनी खाल्ला होता. अंडी रंगवली तेव्हा, भर श्रावणात. आजीसमोर सांगणार कोण?

मंडळी पखवाज उचलून चालती झाली. त्यांच्यासाठी केलेली टोपभर काळ्या वाटाण्याची उसळ आम्ही घरचेच खात बसलो. गणपतीसमोर भजन नाही म्हणून आजी रडायला लागली.

तेव्हा आपाकाका झांज घेऊन एकटाच बसला. सूर नाही, ताल नाही, पण थांबेचना.

शेवटी आजी रडता रडता हसली. "पुरे रे आपा, देव उठान जातलो!"

यंदाही आमच्याकडे भजन नाही. यंदाही तुझ्यामुळेच. वैताग आहेस तू, आपाकाका. आणि आता हे ऐकवायचं कोणाला?

दुपारी त्याच्या कपाटात बिस्किटांचा डबा सापडला. आत कापसात गुंडाळलेलं एकच अंडं. रंग जवळजवळ उडालेला.

दारात आता नवा शेवगा आहे. त्यावर टांगून आले.

झाड हिरवंगार आहे, त्याला काही गरज नव्हती. आम्हाला होती.

आपा खंय गेलो म्हणून कोणी विचारलं, तर सांगेन.

फिराक गेलो.